जाळीपलीकडचा श्वास

हिंगोलीतील आमच्या लहानशा चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंची एक सवय मला अस्वस्थ करी. रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेपूर्वी त्या जाळीने दुभागलेल्या पापनिवेदनाच्या लाकडी खोलीची दोन्ही दारे उघडत, आत वाकून पाहत आणि म्हणत, "कोनी न्हाई. बसा आता."

त्याच खोलीत एका दुपारी आधीच्या फादरांनी या बाईंच्या लेकीवर हात टाकला होता. तिचे रडणे मी बाहेरून ऐकले होते. तरीही फादर निर्दोष असल्याच्या पत्रावर मी सही केली. फादरांची बदली झाली, मुलीने चर्च सोडले. बाई येत राहिल्या. आठवडाभर हळदीच्या बाजारात राबत असल्याने त्यांच्या लुगड्याला हळदीचा वास असे. त्या दुपारी देव कुठे होता, असे मी प्रार्थनेत विचारीत राहिलो.

एका शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडे कोणीतरी श्वास घेत होते. नवे फादर असावेत, असे समजून मी गुडघे टेकले आणि त्या सहीविषयी सारे सांगितले. पलीकडे लुगडे सळसळले. मग हळदीचा वास आला.

"फादर औंढ्याला गेलेत, भाऊ."

मी जाळीजवळ वाकलो. "तुम्ही इथे?"

"दर शनिवारी बसते. कोन खरं बोलतंय, वाट पाहून राहिले."

"मला क्षमा करा."

"ते माझं काम न्हाई. उद्या समद्यांपुढं बोला."

रविवारी त्यांनी दोन्ही दारे उघडली, आत वाकून पाहिले. पण "बसा" म्हटले नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

मी उभा राहिलो. "त्या दुपारी," मी म्हणालो, "मी या दाराबाहेर होतो."