दादाच्या गाडीतून, भिगवणमार्गे

पुण्याहून निघालेली एसटी मोरगावला थांबली, तेव्हा खिडकीतूनच गणपतीला हात जोडले आणि एकच मागितले : दादाची गाडी उद्या बंद पडू देऊ नकोस. देवाकडे इतकी तांत्रिक मागणी मी पूर्वी कधी केली नव्हती.

दादा, माझा थोरला भाऊ, जाऊन वर्ष झाले होते. आमच्याकडे वर्ष सरले की माहेरची माणसे विधवेला बोलावून पुरणपोळी जेवू घालतात. तिचे तोंड गोड झाले की दुखवटा संपला. वहिनींचे माहेर इंदापूरचे. जेवण उद्या दुपारी होते. पण त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला होता, "यीन तर ह्यांच्या गाडीतनंच यीन. न्हायतर तुमची पोळी तुमीच खावा."

ही गाडी दादाने मस्कतहून बोटीने आणलेली. जपानी, स्टिअरिंग डावीकडे, आणि आत चक्क कॉम्प्युटर. पेट्रोलात हवा किती मिसळायची ते कॉम्प्युटर ठरवतो, माणसाने हात लावायचा नाही, असे दादा पाहुण्यांना चहाआधी सांगे. दादा गेला आणि कोऱ्हाळ्याच्या आमच्या घराच्या अंगणात उभ्या उभ्या कॉम्प्युटरही गेला. दुखवटा त्याच्याइतका कोणीच मनावर घेतला नव्हता.

बारामतीत, गाडी दुरुस्तीला दिली होती त्या बापू मिस्त्रींच्या गॅरेजला पोहोचलो. मिस्त्री एका हाताने ऊस सोलून खात होते आणि दुसऱ्या हाताने काम करत होते.

"सर, कंपुटरला पेन्शन दिली," ते म्हणाले. "त्याच्या वायरी तोडल्या, त्याच्याकडं जाणाऱ्या रबरी नळ्यांची तोंडं बंद केली. आता कार्बोरेटर आपला आपण चालतुय. गाडी आता आपल्यासारखी झाली. बिनडोक, पण चालती."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. त्यामुळे कार्बोरेटरवरचे एक जाडजूड पुस्तक बरोबर आणले होते. मिस्त्रींनी ते दोन बोटांनी उचलून खुर्चीवर ठेवले आणि मला एक बारीक स्क्रू दाखवला. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. "इंजिन कुरकुर करंल. कुरकुर थांबली की हात काढून घ्यायचा. बायकूशी बोलताना करतो तसंच." माझे लग्न झालेले नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

गाडी घेऊन रात्री कोऱ्हाळ्याला मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून वहिनींना घेऊन निघालो. कारखाने सुरू झालेले, रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. डावीकडे बसून पुढचे मला काही दिसत नव्हते. उजवीकडे बसलेल्या वहिनीच खिडकीतून मान काढून हुकूम देत होत्या.

"थांबा भावजी, ट्रक आला... आता हाणा! हाणा म्हणते न्हवं!"

बारामतीहून इंदापूरला सरळ रस्ता आहे. वहिनी म्हणाल्या, भिगवणवरून. दादाही नेहमी भिगवणवरूनच जायचा. रस्ता बरा आहे, असे कारण द्यायचा. खरे कारण तिथली वाम (सापासारखा लांब मासा) होती.

भिगवणला धरणाचे पाणी दिसू लागले, तव्यावरच्या माशांचा वास आला, मी वेग कमी केला आणि गाडी बंद पडली. पळताना ठीक, थांबताना धाप. पुन्हा सुरू केली. घोडा फुरफुरावा तशी फुरफुरली आणि पुन्हा बंद.

मी बॉनेट उघडून स्क्रू बाहेर काढला. आत घातला. पुन्हा काढला. पुस्तक उघडून पाहिले. हॉटेलवाले तात्या उलथने हातात घेऊन येऊन उभे राहिले.

"पाव्हणं, गाडी दुरुस्त करताय का पोथी वाचताय?"

ऊन चढले. तिकडे इंदापुरात पानं मांडली असणार. एसटीने जाऊ या, असे मी हळूच सुचवले. वहिनी इंजिनाकडे पाहत म्हणाल्या, "एसटीनं जाऊन ह्यांचं वरीस घालायचं व्हय? मी हितंच बसते."

मग त्या एकदम वाकल्या. "भावजी, ह्या मुंग्या कुठं निघाल्यात?"

पुढच्या चाकावरून मुंग्यांची शिस्तबद्ध दिंडी इंजिनात शिरत होती. मी माग काढला. मिस्त्रींनी नळ्यांची तोंडं बंद केली होती, ती उसाची कांडी (लहान तुकडे) तासून. रात्रभर सुकून आणि इंजिनाच्या उष्णतेने ती आक्रसली होती. एक तर गळूनच पडले होते. फटींतून हवा आत जात होती आणि मी स्क्रू पिळत बसलो होतो.

तात्यांनी मासे कापायच्या सुरीने बाभळीची काटकी तासून घट्ट बुचे करून दिली. "मुंग्या जातील," ते म्हणाले, "आता मांजरं लागतील."

इंजिन सुरू राहिले, पण माझ्या खटपटीने स्क्रू भलतीकडेच गेला होता. वहिनी आत बसल्या, डोळे मिटले.

"फिरवा. हळू. न्हाय, हे लई झालं, धाप लागल्यावानी. उलटं फिरवा. आणिक... आणिक... थांबा!"

मी हात काढून घेतला. इंजिन एका लयीत, जाडसर, खोल आवाजात चालले होते.

"असंच घोरायचे," वहिनी म्हणाल्या.

मी बॉनेटआडच जरा वेळ उभा राहिलो. मग पाहिले तर वहिनी तात्यांना वाम बांधून द्यायला सांगत होत्या. आज तोंड गोड करायचे आहे, मी आठवण करून दिली. "ते दुपारी. हे रातच्याला."

इंदापूरला पोहोचलो तेव्हा पुरणपोळ्या गार झाल्या होत्या. वहिनींचा भाऊ धावत आला. "अक्का, उतर की. गाडी बंद करा, पेट्रोल जळतंय."

"जळू दे."

वहिनी तशाच बसून राहिल्या. नुसते इंजिन चालले होते. मग त्यांनी स्वतःच हात लांब करून किल्ली फिरवली.

"निजा आता," त्या म्हणाल्या, आणि जेवायला उतरल्या.

गाडी तिथेच ठेवून मी संध्याकाळच्या एसटीने पुण्याला निघालो. वर्षभर दादासाठी मी बरीच जाड पुस्तके वाचली होती. गीतेवरच्या दोन टीकाही. आज मात्र मांडीवरचे पुस्तक उघडले नाही. शेजारचा गृहस्थ तोंड उघडून घोरत होता. त्याच्यात हवा जरा जास्त होत होती. स्वारगेट येईपर्यंत मी ऐकत राहिलो.