वच्छलाचं तूप

मुर्री गावची वच्छला घरच्या म्हशीचं तूप गोंदियाच्या बाजारात विकायची. नवरा गेल्यावर दिरांनी गोड बोलून तिचं धानाचं शेत लाटलं, तेव्हापासून तिचा कुणावर विश्वास उरला नव्हता.

एकदा नगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर तिच्यापुढे येऊन उभे राहिले. भेसळ तपासायची म्हणून त्यांनी तूप विकत घेतलं, तीन बाटल्यांत भरलं आणि बुचांवर लाख ओतून सरकारी मोहर उठवली. एक बाटली तिला, एक कचेरीत, एक नागपूरच्या तपासणीला.

“रस्त्यात कोनी चरबी मिसळवली त?” वच्छलाने विचारलं.

“सरकारी मोहर आहे ना!”

“मोहर तुमची, बाटल्या तुमच्या. मंग माहं काय हाय जी?” असं म्हणून तिने बोटातली चांदीची अंगठी काढली आणि तिन्ही बाटल्यांच्या ओल्या लाखेत दाबली. इन्स्पेक्टर आधी संतापले, मग हसले. पण त्यांनी ते ठसे राहू दिले.

महिन्याभराने ते स्वतः बाजारात सांगायला आले, “बाई, तूप अगदी शुद्ध निघालं. आता घरासाठी शेरभर दे.”

शेजारच्या बाया हरखल्या. वच्छलाने मात्र हंडीवर झाकण ठेवलं.

“एवढ्या बाजारात तूप भेटून राहिलं,” ती म्हणाली, “तुमाले माहंच काऊन पायजे?”

त्या दिवशी तिने त्यांना तूप दिलं नाही.