आईची दुसरी सही

माझी आई कागदावर कधी कुणाची बायको नव्हतीच.

हे मला गेल्या आठवड्यात कळलं. ते पण लग्न-नोंदणीच्या ऑफिसात, चार लोकांसमोर.

माझ्या मुलीला पोर्तुगालचा पासपोर्ट करायचाय. सगळे करतात, ती पण करते. आजोबा पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेले, म्हणून मिळतो. त्याला त्यांचा जन्मदाखला लागतो, आजी-आजोबांच्या लग्नाचा दाखला लागतो.

बाबांच्या जन्माची नोंद लगेच मिळाली. लग्नाचं मला टेन्शनच नव्हतं. कागद आईच्या ट्रंकेत होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चांगल्या लुगड्याच्या घडीत.

मी चौथी शिकलेली, कागद इंग्रजीत. शिक्का दिसला, खूश झाले.

ऑफिसातल्या मुलीने जाडं बुक काढलं आणि पान माझ्याकडे फिरवलं.

"मावशी, ही पयली सही. दुसरी खंय आसा?"

आमच्या गोव्यात रजिस्टर लग्नाला दोनदा सही लागते. एकदा जाऊन सांगायचं, थोड्या दिवसांनी परत जाऊन सही करायची. तेव्हा लग्न पक्कं.

बुकात बाबांची सही, गोविंद. आईचा अंगठा. पुढची जागा कोरी.

आणि आईने जन्मभर जपलेल्या कागदावर काय होतं? परत कधी यायचं, ती तारीख.

तिला वाचता कुठे येत होतं!

तिथून सरळ मुळगावला मामाकडे गेले. त्याला सगळं माहीत.

"दुसऱ्या सहीच्या दिसा तुझ्या बाबाक खाणीवरचो ट्रक सोडूक गावलो नाय. तुझो काका म्हणालो, ऑफिसात माझी वळख आसा. तुमी येव नकात, मी करून हाडतंय."

आईला वाटलं, केलं असेल. देवळात लग्न लागलेलं, गाव जेवलेला. कोण विचारणार?

गोवा राज्य झालं त्या वर्षी खाणीवर ट्रक उलटून बाबा गेले. बाराव्यानंतर त्याच काकाने आईला विचारलं, "लग्नाचो कागद दाखय."

तिने हाच दाखवला.

तो हसला म्हणे. "ह्या घरात तुझो हक्क नाय."

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन कोरगावहून मुळगावला आली, मामाकडे. मी नऊ वर्षांची.

काका मला सांगायचा, "तुझी आवय घर टाकून गेली."

मी मानलं. दर चवथीला त्याच्याकडे जायचे, गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायचे. आणि भांडण झालं की आईला तोंडावर म्हणायचे, "तूच घर मोडलंस."

ती तांदूळ निवडत राहायची.

"मग मला सांगितलं का नाही तिने?" मी मामावर ओरडले.

"ती म्हणाली, बापूस गेलो. काको तरी उरूं दी तिका."

म्हणजे सगळ्यांना माहीत. मी सोडून.

काल कोरगावला गेले. काका सोप्यावर बसलेला. कागद त्याच्या पुढ्यात धरला.

"काका, दुसरी सही खंय?"

हातात पण घेतला नाही. "आता कित्याक उकरून काढतंस गो बाय? च्या घे."

चहा तसाच ठेवला. "यंदा चवथीक माझी वाट बघू नको," दारातच सांगून आले.

आई, तुझा पण राग आहे मला. एवढं गप्प राहतात?

पण 'घर मोडलंस' म्हटलं ते मागे घेते. इथे, सगळ्यांसमोर.

आज तुझं वर्षश्राद्ध. भटजींनी विचारलं, "नाव काय आईचं?"

शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

पार्वती गोविंद.

नमस्कार करते गो आई.