मामांची पोरं

आमच्या मामेसासऱ्यांना मुलं किती, या साध्या प्रश्नाचं उत्तर बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीत आजवर दोन माणसांनी सारखं दिलेलं नाही. वॉचमन म्हणतो, पाच-सहा तरी असतील आणि सगळीच अशक्त आहेत. सातव्या मजल्यावरच्या गुजराती काकी म्हणतात, पुष्कळ होती, पण बिचाऱ्यांची एकाच आठवड्यात गेली. खुद्द मामांना विचारलं, तर ते तळहातांची ओंजळ करून म्हणायचे, "एवढ्या पाण्यात जेवढी मावतील ना जावईबापू, तेवढी मोजायलाच तुमचा जन्म जाईल." खरं उत्तर 'एक' असं आहे. मामांना एकच मुलगा. तो माणगावला गॅरेज चालवतो आणि दर गणपतीला वडील घरी येतील म्हणून वाट बघत बसतो. हे मला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीच्या नवऱ्याला, पक्कं ठाऊक होतं. तरीही ऐन वेळी सगळ्यात मोठा घोळ मीच घातला.

मामा आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमधला सांडपाण्याचा प्लँट सांभाळायचे. सोसायटीचा सेक्रेटरी मी असल्यामुळे आणि बायकोने माझ्याशी दोन दिवस अबोला धरल्यामुळे त्यांची तिथे नेमणूक झाली होती. सगळ्या घरांतलं न्हाणीघराचं, मोरीचं आणि संडासाचं पाणी खाली एका मोठ्या टाकीत येतं, तिथले जंतू त्यातली घाण खातात आणि निवळलेलं पाणी पुन्हा फ्लशला नि बागेला जातं. त्या जंतूंना मामा 'पोरं' म्हणत. आधी गमतीने म्हणत असतील, पण माझ्या पाहण्यात तरी त्यांनी तो शब्द कधी हसून उच्चारला नाही. पोरांना हवा लागते, म्हणून ब्लोअर नावाचं यंत्र रात्रंदिवस घरघरत असतं. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मामांचा मला ऑफिसात फोन आला, "जावईबापू, लगेच या. पोरं गुदमरतायत!" मी मीटिंगमधून उठलो, साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही, रिक्षातूनच अॅम्ब्युलन्स बोलावली आणि घामाघूम होऊन बेसमेंटमध्ये उतरलो. मामा ब्लोअरच्या तुटलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवत उभे. मागोमाग स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, "पेशंट किधर है?" मामांनी शांतपणे टाकी दाखवली. त्याने टाकीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो स्ट्रेचर घेऊन परत गेला. तेव्हापासून मी रस्त्यात दिसलो की त्या गाडीचा ड्रायव्हर गाडी सावकाश नेतो.

संडास धुवायच्या अॅसिडवर त्यांचा भारी राग. ते जास्त पडलं की पोरं मरतात. पाण्याचा रंग बदलला की मामा टाकीवर वाकून वास घ्यायचे. चांगल्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. मी अनेकदा नाक खुपसून पाहिलं, मला तो कधी सापडला नाही. एकदा वास बिघडला तेव्हा ते तडक सातव्या मजल्यावर गेले आणि काकींना म्हणाले, "आपके बाटली की वजह से मेरे बच्चे गये." काकींच्या हातून वाटी पडली. संध्याकाळी त्या पांढरी साडी नेसून आमच्याकडे भेटायला आल्या, माझ्या बायकोचा हात हातात घेऊन रडल्या आणि "कितने थे?" असं हळूच विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. मामांचा नक्की मुद्दा काय होता ते मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्या आणखीच रडायला लागल्या. मला वाटतं, त्यांना वाटलं की दुःखाने माझ्याही डोक्यावर परिणाम झालाय.

मामांचं दुसरं वेड म्हणजे अर्धा तास. रोज सकाळी ते टाकीतलं पाणी काचेच्या उभट भांड्यात भरून कट्ट्यावर ठेवत आणि बरोबर अर्ध्या तासाने गाळ कुठवर बसला ते बघत. त्यावरून पोरांची तब्येत कळते. पण या अर्ध्या तासाने मामांच्या पूर्ण आयुष्याचाच ताबा घेतला होता. पार्किंगवरून दोघं एकमेकांची कॉलर धरून उभे असले, तरी मामा मध्ये पडून म्हणत, "अर्धा तास थांबा, खाली बसेल." माझ्या बायकोला ताप आला, अर्धा तास थांबा. केबिन रोडवर मी शर्ट घेत होतो, रंग आवडला, मामा म्हणाले अर्धा तास थांबा. अर्ध्या तासाने शर्ट दुसऱ्याने नेला होता. मामा म्हणाले, "बघा, खाली बसलं."

आणि गणपती आले की मामांची झोप उडायची. आमच्या सोसायटीतली निम्मी घरं रत्नागिरी-रायगडकडची. गणपतीला ती कुलपं लावून गावाला जातात आणि सांडपाणी आटतं. म्हणजे पोरं उपाशी. मामा गेटवर उभे राहून बॅगा घेऊन निघालेल्या माणसांना अडवत. "सगळेच चाललाव, मग माझ्या पोरांनी खायचं काय?" लोक ओशाळून त्यांच्या हातात बिस्किटाचे पुडे ठेवत. शेवटी मामा गूळ पाण्यात विरघळवून टाकीत ओतत. आम्हालाही त्यांनी गावी जाऊ दिलं नाही, उलट घरी पाहुणे बोलवायला लावले. "माणसं वाढली पायजेत, जावईबापू. चांगलं पोटभर जेवणारी बोलवा." मी म्हटलं, मामा, आणि तुम्ही? तुमचा मुलगा वाट बघतोय. ते म्हणाले, "त्याला हातपाय हायत, तो करून खाईल. ह्यांना कोण हाय?" दर वर्षी हेच बोलणं व्हायचं. दर वर्षी मला वाटायचं, पुढच्या वर्षी त्यांना हाताला धरून गाडीत बसवायचं.

मागच्या गणपतीत, घरात बारा पाहुणे आणि आरतीची गडबड चालू असताना मामांचा खालून फोन आला. झांजांच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "जावईबापू, पोराला दम लागतोय." मी एका कानावर हात ठेवून ओरडलो, "ब्लोअर बघा ना मामा! थोडा गूळ टाका. अर्धा तास थांबा, खाली बसेल!" मग फोन बंद झाला. मी मोदक वाढायला गेलो.

बरोबर अर्ध्या तासाने दार वाजलं. मामा दारात उभे होते. अंगात स्वच्छ शर्ट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बेसमेंटची किल्ली. मी म्हटलं, "बसलं का खाली?" मामा म्हणाले, "जावईबापू, पोरं न्हाय वो. पोरगा." आणि तरीसुद्धा, मला सांगायची लाज वाटते, क्षणभर मी गोंधळून त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग डोक्यात उजेड पडला. माणगावच्या मुलाला न्यूमोनिया झाला होता, इस्पितळात ठेवलं होतं, सुनेचा फोन आला होता. मामांनी माझं ऐकलं होतं. ते खाली बसून खरोखरच अर्धा तास थांबले होते.

काशीमिऱ्याच्या नाक्यावर त्यांना माणगावच्या गाडीत बसवेपर्यंत मी रिक्षात काहीबाही बोलत होतो. मामा मला मूठभर गूळ, एक बादली पाणी, सकाळ-संध्याकाळ असं समजावत होते. मध्येच म्हणाले, "त्याला लहानपणी मी कधी भरवला न्हाय. ड्यूटी असायची." मी पुन्हा गोंधळलो, पोरांचं चाललंय की पोराचं.

मुलगा वाचला. मामा मात्र परत आले नाहीत, तिकडेच राहिले, गॅरेजात स्टुलावर बसतात. आता नवा ऑपरेटर आहे, शिकलेला, कामाला चोख. त्याच्या तक्त्यात गुळाचा रकाना नाही, म्हणून गूळ मीच टाकतो. परवा लिफ्टमध्ये काकींनी विचारलं, "भाई, बच्चे कैसे हैं?" आणि मी चटकन म्हणालो, "अच्छे हैं, खा रहे हैं." मला एकच मुलगी आहे, ती पुण्याला असते.

मामांचा रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "पोरं कशी हायत?" मी सांगतो, जेवली. मग मी विचारतो, "आणि पोरगा?" त्या दिवसाबद्दल मी मामांची माफी मागायला हवी, हे मला दर रविवारी वाटतं, पण तेवढ्यात ते बोलायला लागतात. गेल्या रविवारी म्हणाले, "आता जेवायला बसलाय. थांबा, त्याला वाढतो नि मग बोलतो." फोन त्यांनी तसाच कुठेतरी ठेवला. ताटावर पळी वाजल्याचा आवाज आला, आणि "अजून घे, अजून घे रे" असं मामा कुणाला तरी म्हणत होते. ते परत फोनवर आलेच नाहीत. मी मात्र बराच वेळ फोन कानाला लावून बसलो होतो.