पांढऱ्या कुंचीतली आ-युन

एकतीस वर्षं मी को ली-शियाच्या बाजूला बसून कीबोर्ड वाजवलाय. ती परक्यांच्या मयताला गळा काढायची, मी सूर धरायची. एकदा मांडवात साप निघाला, लोक खुर्च्यांवर चढले, पण माझा हात थांबला नाही. त्या सकाळी मात्र थांबला. वर्ष होत आलं त्याला.

ली-शिया म्हणजे तैवानातल्या आमच्या तुकु गावातली भाड्यानं रडणारी बाई. ज्या घरची लेक किंवा नात परगावी अडकली, तिच्या जागी ली-शिया. अंगात पांढरा झगा, तोंड झाकणारी पांढरी कुंची, हातात माइक. गल्लीच्या तोंडापासून गुडघ्यांवर रांगत मांडवापर्यंत यायचं आणि न आलेल्या लेकीचं नाव घेऊन, तिच्याच तोंडचं सगळं बोलायचं. काम झालं की पाकीट घ्यायचं आणि शवपेटी उचलायच्या आत तिथून निघायचं. भाड्याचं माणूस पेटीमागून चालत नाही.

आ-युन तिची एकुलती एक मुलगी. ती दोन वर्षांची असताना बाप काओशुंगला नोकरीला म्हणून गेला तो गेलाच. पोरीला वाढवलं ली-शियाच्या आईनं, म्हणजे आमानं. आजीला आमच्यात आमा म्हणतात, आणि आख्ख्या गल्लीचीच ती आमा होती. शाळेला सुट्टी असली की आ-युन आमच्या टेम्पोत बसून मयताला यायची, वायरी गुंडाळायची. सात वर्षांची असताना ती आमाच्या अंगणात, डोक्यावर उशीचा अभ्रा ओढून, मेलेल्या कोंबडीसाठी अशी रडली होती की शेजारची बाई खरंच डोळे पुसत बाहेर आली. ली-शियानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच उभी राहून शिकवलं, रडताना श्वास कुठं चोरायचा ते.

पंधराव्या वर्षी तैपेईत कोरियाच्या एका कंपनीनं गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरी निवडल्या, त्यात ही. सोलला गेली. पाच वर्षं नुसती तालीम, आठवड्याला वजन, खोलीत सहा पोरी आणि एक न्हाणीघर. मग त्या सहा जणींचा संच बाहेर पडला आणि आमची आ-युन टीव्हीवर दिसली. प्रत्येक गाण्यात तिच्या वाट्याला दोन ओळी यायच्या. बदकाचं मांस घातलेल्या शेवयांच्या दुकानात सगळं गाव त्या दोन ओळींसाठी माना वर करून बसायचं.

कंपनीनं तिची माहिती छापली तेव्हा आम्ही तोंडात बोटं घातली. आई संगीत शिक्षिका, घरचा चहाचा मळा! तुकुत चहा? इथं लसूण आणि भुईमूग सोडून काही उगवत नाही. मी पोट धरून हसले. ली-शिया हसली नाही. तिनं त्याच संध्याकाळी दारावरची आपल्या धंद्याची पाटी उतरवून पलंगाखाली सारली आणि घरोघरी जाऊन सांगून आली की कोणी विचारलं तर मी संगीत शिक्षिका. मयताला रडणारीची पोर म्हटल्यावर कोण तिला बघेल, असं तिचं म्हणणं. कंपनीनं आ-युनला बजावलंच होतं, हे बाहेर फुटलं तर तू घरी. मग काय, फोटो काढायला कुठून कुठून तिची चाहती पोरं यायची आणि आख्खी गल्ली सरळ तोंडानं खोटं बोलायची. मीसुद्धा. एक आमा तेवढी ऐकायची नाही. ती त्या पोरांना शेंगा द्यायची आणि म्हणायची, "कसली शिक्षिका? माझी लेक रडते. आणि मी मेले की माझी नात रडणार आहे, गल्लीच्या तोंडापासून." पोरांना वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय.

मागच्या वसंतात आमा गेली. झोपेतच गेली. नेमकं आ-युनचं नवं गाणं यायचं होतं. कंपनीनं रजा नाकारली, आणि खरं सांगायचं तर ली-शियानंच फोनवर तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. "इथं माइक, झगे, सगळं उघड्यावर असणार. एक फोटो निघाला तर सात वर्षं मातीत. मी रडेन तुझ्या वाटचं. तेच तर करत आले." पलीकडून फोन बंद झाला. मला ली-शियाचा असा राग आला होता की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

मयताच्या सकाळी मांडव भरला. मागच्या बाजूला आ-युनच्या चाहत्या दोन पोरी फोन घेऊन उभ्या होत्याच. नातवंडांनी डोक्याला बांधायचं पांढरं फडकं, लाल ठिपक्याचं, ते टेबलावर घडी घालून ठेवलेलं. बांधायला नात नव्हती. ली-शिया झगा घालायला आत गेली. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी पांढरी कुंची दिसली, मी सुरुवात केली आणि ती रांगायला लागली.

"आमा, मी आ-युन. मला उशीर झाला गं आमा. तू शेंगा भाजून ठेवल्या असशील, मी आले नाही."

बायकांनी बाह्या डोळ्यांना लावल्या. माझ्या मात्र बोटांना काहीतरी खटकलं. ली-शिया जिथं श्वास चोरते तिथं हा आवाज चोरत होता, पण आवाज तरुण होता. आणि तेवढ्यात माझ्या कानाशी कोणी तरी कडाडलं, "माझा झगा कुणी नेला गं?"

बघते तर ली-शिया. साध्या काळ्या सदऱ्यात, केस सुटलेले. माझे हात पट्ट्यांवरच गोठले. वाजणं बंद पडलं, आणि समोर ती कुंची साथीशिवाय रडत रांगत येत होती, डांबरावर गुडघे घासत. ली-शियानं माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ राहिले.

तिनं ओळखलं होतं. मीही. बाकी कोणाला काही कळलं नव्हतं, कारण ती खरं तेच बोलत होती आणि लोकांना वाटत होतं, ली-शियानं दुसरी कोणी भाड्याची बाई आणलीय आणि ती काम चोख करतेय. मागच्या पोरी फोन धरून कौतुकानं कुजबुजत होत्या. ली-शिया धावली, पेटीपाशी पोचलेल्या पोरीला तिनं उठवलं, आणि उठवताना दोन्ही हातांनी कुंची हनुवटीपर्यंत खाली ओढली. मी जवळ होते म्हणून ऐकलं. "मागल्या दारानं जा. आत्ताच्या आत्ता. कोणी बघितलं नाही अजून." ली-शियाच्या भावानं तर रिवाजाप्रमाणे पाकीट पुढं केलं. सख्खा मामा, पण त्यालाही कळलं नाही.

तेव्हा विधी करणारे लियाओ गुरुजी ओरडले, "पेटी उचलतोय. घरची माणसं मागं या. बाकीच्यांनी पाठ फिरवा."

कुंची एक क्षण तशीच उभी राहिली. मग तिनं ती काढली.

आ-युनचं तोंड रडून सुजलेलं होतं, कपाळावर धूळ, तोंडाला रंग म्हणाल तर काही नाही. तिनं मामाचं पाकीट परत त्याच्या खिशात घातलं, टेबलावरचं फडकं उचललं आणि घरच्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पेटी उचलताना परक्यांनी बघायचं नसतं, पण एकानंही पाठ फिरवली नाही. मला तर वाटलं, आता ही पोर संपली.

दोघींपैकी एक पोर फोन तसाच धरून पुढं आली. "काकू," ती ली-शियाला म्हणाली, "तुम्ही तर संगीत शिक्षिका ना?"

दोन वर्षं मी या बाईला खोटं बोलताना बघितलंय. मला वाटलं, आता ही सांगेल की ही पोर कोणी दुसरीच आहे, चेहरा मिळतोजुळता आहे. काहीही सांगेल. ली-शियानं त्या फोनकडं सरळ बघितलं.

"मी मयताला रडते," ती म्हणाली. "हिला गायला मी शिकवलंय. हेच शिकवलंय."

आणि मग ती लेकीकडं वळली. आ-युनला ते फडकं बांधता येईना. दुसऱ्यांच्या आज्यांसाठी किती वेळा रडलेलं ऐकलं होतं तिनं, पण नातीचं फडकं कधी बांधलंच नव्हतं. ली-शियानं ते तिच्या हातातून घेतलं, कपाळावर ठिपका नीट बसवला आणि मागं गाठ मारली.

"घट्ट होतंय का?" तिनं विचारलं.

"नाही," आ-युन म्हणाली.

ती कोणाला न सांगता पहाटे येऊन मागल्या दारानं आत शिरली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पाचव्या दिवशी कंपनीचं पत्रक आलं, वैयक्तिक कारणानं बाहेर पडली म्हणून. संचात आता पाच जणी आहेत, तिच्या दोन ओळी दुसरीच कोणी म्हणते, आणि शेवयांच्या दुकानात ते गाणं लागलं की मालक आवाज बंद करतो. ती सोलला परत जाणार की इथं काही करणार, मला माहीत नाही, आणि तिलाही माहीत नसावं. पलंगाखालची पाटी ली-शियानं धुऊन परत दारावर लावलीय.