सहा वाट्या भोपळा

साखराबाईनं गळ्यातली माळ उतरवली आणि गोठ्यामागं बसून अंडं खाल्लं, ही बातमी वस्तीवर सकाळी आठला निघाली. नऊ वाजेपर्यंत एकाची दोन अंडी झाली. पिठाच्या गिरणीवर पोचेस्तोवर त्यांत कांदा आणि हिरवी मिरची पडली होती, आणि लिंबागणेशहून परतणाऱ्या जीपमध्ये तर साखराबाई अख्खी कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती.

खरं एवढंच, की तिच्या पदराच्या गाठीत अंडं होतं. उकडलेलं, एकच. ते तिच्या तोंडाला काय, घराच्या उंबऱ्यालासुद्धा लागलं नाही. अंगणवाडीतून निघालेलं अंडं वाटेत वस्तीवरच्याच बिभीषणच्या घरी उतरायचं आणि त्याच्या बदल्यात साखराबाईच्या पदरात लाल भोपळ्याची एक फाक पडायची. बिभीषणच्या वावरात त्या साली भोपळे असे लागले होते, की पाव्हणा आला तरी त्याला चहाआधी भोपळा दिसायचा. त्यामुळं त्याची पोरं अंड्यावर खूश आणि साखराबाई भोपळ्यावर. नाखूश असलीच तर ती एकटी धनश्री, पण तिला कोण विचारतो. वय वर्षं तीन, वजन दहा किलोच्या आत.

धनश्री ही साखराबाईची नात. मुलगा बजरंग आणि सून मोहिनी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन चाऱ्यामागं खाली उतरायची, ती पार जेठात परत यायची. पोरगी आजीकडं. जाताना मोहिनीनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, पोरीला रोज अंगणवाडीत न्या आणि तिथं मिळतं ते अंडं तिला चारा. साखराबाई दोन्हीला हो म्हणाली. पहिली तिनं नेमानं पाळली.

दुसरीची अडचण देवाकडची होती. मोहिनीची दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हा साखराबाई अनवाणी नारायणगडाला गेली आणि नवस बोलून आली: नातवंड जगलं तर पाच वर्षं त्याच्या तोंडाला अंडं-मटण लागू देणार नाही आणि सहाव्या वर्षी गडावर त्याची गुळानं तुला करीन. पोर जगलं. आता देवानं दिलेलं पोर आणि अंगणवाडीनं दिलेलं अंडं यांत तिनं कुणाचं ऐकावं? वस्तीवरचे टवाळ म्हणायचे, पोरगी अशीच राहिली तर तुलेला गुळाच्या दोन भेल्यांत भागेल, देवाचंच नुकसान आहे. साखराबाई हे ऐकून हसायची. घरी आली की पोरीचा दंड दोन बोटांत धरून बघायची. बोटं एकमेकांना टेकायची.

अंड्याच्या बातमीचा एक फायदा झाला. ती अंगणवाडीच्या अंजूच्या कानावर गेली. अंजूला वाटत होतं, पोरगी चारचौघांत खात नाही म्हणून आजी अंडं घरी नेऊन चारते. ती तडक वजनाचं कार्ड घेऊन आली. साखराबाई चुलीपुढं भोपळा घोटत होती. उकडलेल्या फोडी, गुळाचा खडा, वर डावानं असा घोटा की लोण्यासारखा गर. धनश्री भिंतीला टेकून बसली होती.

साखराबाईनं काही लपवलं नाही. उलट अंजूलाच वाटी पुढं केली आणि समजावून सांगितलं, की अंडं फोडलं तर आत पिवळं, भोपळा फोडला तरी आत पिवळं. गुण सारखाच. वर भोपळा गळ्याखाली आपोआप उतरतो, आणि ह्याच्यावर तिची तीन लेकरं मोठी झाली.

अंजूनं डोक्याला हात लावला. मग बसकण मारून नीट सांगितलं. भोपळा वाईट नाही. डोळ्यांना तर अंड्याच्या वरचढ. पण त्यात नव्वद हिस्से पाणी. ह्या पोरीच्या अंगावर मांस धरायचंय, हाडं वाढायचीत, त्याला लागतात प्रथिनं आणि तूप-तेलाचा अंश. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, ह्या वाटीभर गरात जेमतेम एक. साखराबाई मान डोलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, नवस हाय ना गं. तेव्हा अंजूचा धीर सुटला.

"मावशी, मंग एका अंड्याच्या जागी सहा वाट्या भोपळा चारा. चारणार हाव का तुमी? येवढ्याशा पोटात जातेत का सहा वाट्या?"

अंजू हे रागानं बोलली. साखराबाईनं ते औषधाचा डोस ऐकावा तसं ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिला देव आणि पोरगी दोघांनाही धरून राहायची वाट दाखवली होती. नवसही राहतो, अंड्याची भरपाईही होते. फक्त वाट्या सहा.

दुसऱ्या दिवसापासून घरात भोपळ्याचा कारखाना सुरू झाला. बिभीषणकडून अख्खे भोपळेच येऊ लागले. शेळीचं दूध पोरगी प्यायची, ते कमी झालं, कारण पोटात जागा नाही. भाकरी-वरण कमी झालं, त्याचंही तेच. चौथ्या वाटीला धनश्री तोंड फिरवायची, तेव्हा साखराबाई चिऊ-काऊला बोलवायची, शेळीला नाचवायची, प्रसंगी स्वतः नाचायची. पासष्टीची बाई हातात वाटी घेऊन अंगणात नाचताना वस्तीनं पाहिली आणि पोट धरून हसून घेतलं. सहावी वाटी संपली की ती चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची.

महिन्यानं वजन झालं. साखराबाई पोरीला सहाव्या वाटीवरच घेऊन गेली होती. काटा तीनशे ग्रॅम वर चढला. अंजूलाही बरं वाटलं. त्यातला किती भोपळा आणि किती पोरगी, हे काटा सांगत नाही. साखराबाईनं मोहिनीला फोन लावला आणि पोरगी सुधारली म्हणून सांगितलं. मोहिनीनं विचारलं, अंडं खाती का? साखराबाई म्हणाली, अंड्याइतकं समदं खाती.

मग एक दिवस पोरीला न्हाऊ घालताना तिला दिसलं, की धनश्रीचे तळहात पिवळे झालेत. तळपायही. नाकाचा शेंडा तर हळद लावल्यासारखा. तिनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं तिच्या जावेला, आणि न्हाणीपाशी जमलेल्या पाच बायकांनी एका तोंडानं निकाल दिला, कावीळ.

काविळीला दवाखाना चालत नाही हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक. पाटोद्याच्या बाजाराला सटवाबुवा बसतो, त्याच्याकडं न्यायचं. सटवाबुवा रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो, पाणी पिवळं झालं की कावीळ. आता त्याच्या परातीत रेडा धुतला तरी पाणी पिवळंच व्हायचं, पण हे बाहेर उभं राहून बोलायचं, आत पोर घेऊन बसलेल्या आजीला नव्हे. पाणी पिवळं झालं. सटवाबुवानं वाळलेल्या मुळांच्या तुकड्यांची माळ ओवून पोरीच्या गळ्यात घातली. माळ गळ्याशी घट्ट बसते, दिवसागणिक लांबत जाते, बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. आणि एकवीस दिवस पथ्य: दूध बंद, तूप-तेल बंद, डाळ बंद, मीठ नावाला. ज्वारीची पेज द्यायची. साखराबाईनं विचारलं, भोपळा? सटवाबुवा म्हणाला, भोपळा चालंल, थंड असतो.

माळ लांबली. तशी ती नेहमीच लांबते, मुळं वाळून आक्रसतात आणि दोरा मोकळा पडतो. साखराबाई रोज सकाळी माळ कुठवर आली ते बोटांनी मोजायची. छातीपर्यंत आली तेव्हा तिनं गुळाचा खडा वाटला. त्याच सुमारास धनश्रीनं रडणं सोडलं. वाटी पुढं केली की आता ती तोंडही फिरवत नव्हती. कुणी शेळीला नाचवलं तरी बघत नव्हती. साखराबाईला वाटलं, पोर शहाणी झाली, त्रास देत नाही.

माळ बेंबीला टेकली त्या आठवड्यात अंजूनं पोरीला काट्यावर ठेवलं. काटा नऊच्या खाली. पाय सुजलेले. तिनं साखराबाईला एक शब्द बोलू दिला नाही, पोरीला उचललं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. आजी मागून चालत गेली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पापण्या खाली ओढल्या. बुबुळाभोवती पांढरंशुभ्र. कावीळ असती तर डोळे आधी पिवळे झाले असते, त्या म्हणाल्या. मग विचारलं, खायला काय देता? साखराबाईनं जरा अभिमानानंच सांगितलं, भोपळा, रोज सहा वाट्या. डॉक्टरीणबाईंनी पोरीचे पिवळे तळहात तिच्यापुढं धरले. भोपळ्याचाच रंग अंगात उतरला होता, तो थांबवला की आपोआप गेला असता. रोग नव्हताच. रोग होता तो उपासमारीचा, आणि त्यावर एकवीस दिवस पथ्य केलं होतं.

धनश्रीला बीडला हलवलं, कुपोषित लेकरांच्या वॉर्डात. तिथं पहिले काही दिवस चमच्या-चमच्यानं दूध, मग खिचडी, मग अंडं. साखराबाईनं कुणाला विचारलं नाही, गडाकडं तोंड करून हात जोडले नाहीत. परिचारिकेच्या हातातून अंडं घेतलं, स्वतःच्या हातानं सोललं, जन्मात पहिल्यांदा, निम्मं टरफलाबरोबरच गेलं. उरलेल्यातला शेंगदाण्याएवढा तुकडा पोरीच्या तोंडात घातला. पोरीनं तो गालात धरून ठेवला. गिळला नाही, थुंकलाही नाही. तासाभरानं साखराबाईनं बोट घालून तो बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर म्हणाले, नळीनं देऊ, वजन कदाचित येईल. पण ह्या वयात जी उंची राहून गेली आणि डोक्याची जी वाढ राहून गेली, ती पुढं भरून निघेल असं धरून चालू नका.

अंडं सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी मोहिनी आली. बजरंग मेंढरांपाशी राहिला होता, ती तीन गाड्या बदलून एकटीच आली. पोरीच्या खाटेपाशी उभी राहिली, तिच्या तळहाताची पिवळी कातडी अंगठ्यानं चोळून बघितली. पोरीनं आईकडं पाहिलं आणि नजर परत छताला लावली. मग मोहिनीनं सासूकडं न बघताच विचारलं, "आत्या, कुणाचं ऐकून केलं ओ हे?"

साखराबाई खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. ती म्हणाली, "समद्यांचं. देवाचं ऐकलं, अंजूचं ऐकलं, सटवाबुवाचं ऐकलं, आता डाक्टरचं ऐकती. म्या कुणाचं ऐकायचं ठिवलं न्हाई, मोहिने. येकली ही पोरगी काय सांगत व्हती ते ऐकलं न्हाई, अन् आता ती बोलंना."