घराचा फोटो

मी मोबाइल वर धरला की मावशी चटकन बाजूला सरायच्या. "घराचा काढा की सायेब. माझा कशाला?"

पंचायत समितीत मी घरकुलांची पाहणी करायचो. जोतं, भिंती, स्लॅब असं काम वर चढेल तसतसं गावी जाऊन फोटो काढायचा, आणि फोटोत घरासोबत घराचा मालक दिसलाच पाहिजे, असा नियम. "मावशी, तुमच्याशिवाय घर पास होत नाही," मी म्हणायचो. मग त्या पदर सावरून, कुणावर तरी चिडल्यासारख्या उभ्या राहायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फोटो निघेपर्यंत कपाळाला आठ्या, आणि निघाला की खळखळून हसणार.

करमाडच्या पलीकडे त्यांचं गाव. धनगराचं घर, उभा जन्म मेंढरांमागं पालात गेलेला. जोत्याच्या पाहणीला भिंतींचा पत्ता नव्हता, तरी त्यांनी मला पोतं अंथरून 'आत' बसवलं. "हितं चूल. तिथं पोरगा नि सून. मी आपली दाराशी."

"दाराशी का?"

"मेंढरं कोन बघंल?"

मेंढरं चाऱ्यावाचून आदल्या साली विकली होती. बोलून गेल्यावर त्यांच्याही ते ध्यानात आलं. त्या पोत्याचा दोरा उसवत बसल्या.

पोरगा बायकोला घेऊन शहरात गेला होता. बीड बायपासला मोठमोठ्या इमारती उठत होत्या, तिथं तो स्लॅबवर पाणी मारायच्या कामाला. घर झालं की येतो म्हणाला होता. मावशींची सारी घाई त्यासाठी होती.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, टँकरवर गाव जगत होतं. मी म्हणालो, "स्लॅब पावसापर्यंत थांबवा. भिजवायला पाणी कुठून आणणार?"

"पावसाचं काय खरं हाय? पोरगा तिथं टँकरच्या टँकर वततोय लोकांच्या घरावर. मला घागर वतता येत नाय व्हय?"

मावशींनी स्लॅब टाकलाच. मी गेलो तेव्हा मावशी वरच होत्या. मातीचे बांध घालून त्यांनी आपल्या वाट्याचं पाणी त्यात सोडलं होतं, आणि गावातल्या चिमण्या तिथं उतरल्या होत्या. मी हाकलायला हात उचलला.

"पिऊ द्या," त्या म्हणाल्या. "घरचे पयले पाव्हणे हायेत."

"आणि तुम्ही? तुम्ही पिता का पोटभर?"

"पिते की," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

वैशाखात त्यांना ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं. मला ते ऑफिसात कळलं.

शेवटच्या पाहणीला गेलो तर पोरगा आलेला, बोलल्याप्रमाणं, बायकोला घेऊन. स्लॅब पक्का बसला होता, कुठं तडा नव्हता. वारस म्हणून आता त्याचा फोटो चालणार होता. त्याला दारात उभं केलं आणि मोबाइल वर धरला, तर तो चटकन बाजूला सरला.

"घराचा काढा सायेब," तो म्हणाला. "माझा कशाला?"

त्यावर माझं एक ठरलेलं वाक्य होतं. या वेळी ते न म्हणता मी मोबाइल खाली घेतला.